ग्रिन्यार अभिक्रिया पुन्हा पुन्हा का अडते? दोष बहुधा ईथरच्या बाटलीत असतो

पावसाळ्याच्या सत्रात एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत एक प्रसंग जवळजवळ दरवर्षी घडतो. गोल बुडाच्या चंबूत मॅग्नेशियमचे तुकडे आहेत, त्यांच्यावर डायएथिल ईथर ओतलेले आहे, वरच्या नरसाळ्यातून ब्रोमोबेन्झीनचे थेंब पडत आहेत आणि अर्धा तास उलटून गेला तरी चंबू थंडच आहे. मग आयोडीनचा एक स्फटिक टाकला जातो. त्याचा तपकिरी रंग तसाच राहतो, म्हणून दुसरा टाकला जातो, चंबू कोमट पाण्यात धरला जातो, आणि शेवटी कोणीतरी निर्णय देतो की मॅग्नेशियम जुने आहे. नवे मॅग्नेशियम मागवले जाते, पुढच्या आठवड्यात तोच प्रयोग पुन्हा मांडला जातो आणि पुन्हा अडतो.

ग्रिन्यार अभिक्रियेत मॅग्नेशियम आणि ब्रोमोबेन्झीनसारखे हॅलाइड (क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असलेले कार्बनी संयुग) यांपासून ग्रिन्यार अभिकारक बनवतात; ब्रोमोबेन्झीनपासून बनतो तो फिनाइलमॅग्नेशियम ब्रोमाइड. ही अभिक्रिया, जिला आपल्याकडे सर्रास ग्रिग्नार्ड म्हटले जाते, वारंवार अडत असेल तर माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा दोष मॅग्नेशियमचा नसतो, द्रावकाचा असतो. ईथर कोरडे नसते, किंवा कोरडे असूनही त्यात दुसरे काहीतरी मिसळलेले असते, किंवा बाटलीत कोरडे असलेले ईथर चंबूत पोहोचेपर्यंत ओले होते. या तिन्ही शक्यतांचे निदान वेगळे आहे आणि उपायही वेगळे आहेत. मात्र त्यांपैकी कोणताही उपाय हाती घेण्यापूर्वी करावयाची एक तपासणी आहे, आणि ती टाळणे जिवावर बेतू शकते.

मुळात ईथरच का लागते

व्हिक्तोर ग्रिन्यार यांनी १९०० साली फ्रान्समधील लियाँ येथे ही अभिक्रिया मांडली आणि १९१२ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळेपासून आजवर ईथर या वर्गातील द्रावकच या अभिक्रियेत मुख्यत्वे वापरले जातात. ईथरच्या रेणूतील ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या दोन मोकळ्या जोड्या असतात, आणि त्यांपैकी एक जोडी तो मॅग्नेशियमला देतो. फिनाइलमॅग्नेशियम ब्रोमाइडच्या स्फटिकात मॅग्नेशियमच्या भोवती ईथरचे दोन रेणू बसलेले आढळतात, ते याचमुळे. मॅग्नेशियमच्या पृष्ठभागावर तयार झालेले संयुग ईथर अशा रीतीने उचलून द्रावणात नेते आणि धातूचा पृष्ठभाग पुढच्या रेणूंसाठी मोकळा ठेवते. शिवाय ईथरवर काढून घेता येईल असा आम्लधर्मी हायड्रोजन नसल्यामुळे ते स्वतः अभिकारकाला मारत नाही.

ज्या ऑक्सिजनमुळे ईथर उपयोगी पडते, तोच ऑक्सिजन पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतो. डायएथिल ईथर पाण्यात पूर्णपणे मिसळत नाही, म्हणून विद्यार्थ्यांची अशी समजूत होते की त्यात पाणी नसतेच. प्रत्यक्षात २० अंश सेल्सिअसच्या आसपास पाण्याने संपृक्त झालेल्या ईथरमध्ये वजनाने सुमारे सव्वा टक्का पाणी असते. टेट्राहायड्रोफ्युरान, म्हणजे टीएचएफ, तर पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, आणि म्हणून उघड्या बाटलीतून ओलावा ओढण्याच्या बाबतीत ते डायएथिल ईथरच्या पुढेच आहे.

सव्वा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून एकदा हिशेब मांडावा. ५० मिलिमोल प्रमाणावरच्या प्रयोगात मॅग्नेशियम १.२२ ग्रॅम आणि ब्रोमोबेन्झीन ७.८५ ग्रॅम, म्हणजे सुमारे सव्वापाच मिलिलिटर, लागते. त्यासाठी ५० मिलिलिटर ईथर घेतले तर त्याचे वजन साधारण ३५.६ ग्रॅम भरते. ते पाण्याने संपृक्त असेल, तर त्यात ०.४५ ग्रॅमच्या आसपास पाणी, म्हणजे सुमारे २५ मिलिमोल पाणी असते. पाण्याचा प्रत्येक रेणू अभिकारकाचा निदान एक रेणू बेन्झीनमध्ये बदलून टाकतो, तेव्हा निम्मा अभिकारक इथेच संपला. आणि हे अभिक्रिया सुरू झाली तर. प्रत्यक्षात सुरुवातीला तयार होणारे थोडेसे संयुग पाण्यात नष्ट होऊन मॅग्नेशियमवर हायड्रॉक्साइडी क्षारांचा अविद्राव्य पांढरा थर बसतो आणि पृष्ठभाग झाकला जातो. चंबूच्या काचेवर राहिलेला पाण्याचा एकच थेंबही ०.०५ मिलिलिटर धरला तर २.८ मिलिमोल होतो, म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक उत्पादन त्या एका थेंबात जाते.

सर्वांत आधी पेरॉक्साइड

ईथर ओले आहे अशी शंका आली की पहिला विचार येतो तो ते सोडियमवर ठेवण्याचा किंवा ऊर्ध्वपातन करून घेण्याचा. तो विचार येताच थांबावे. ईथरमध्ये ऑक्सिजनच्या शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला सहज बळी पडतो, आणि प्रकाशात ही क्रिया आणखी वेगाने होऊन हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात. ही संयुगे ईथरपेक्षा कमी बाष्पनशील असतात. ऊर्ध्वपातनात ईथर वर निघून जाते, पेरॉक्साइडे खालच्या अवशेषात साचत जातात आणि चंबू कोरडा पडत आला की स्फोट होतो. या वर्गात डायआयसोप्रोपिल ईथर सर्वांत कुप्रसिद्ध आहे, परंतु डायएथिल ईथर आणि टीएचएफ यांच्याबाबतही गाफील राहून चालत नाही.

तपासणीला दोन मिनिटे लागतात. परीक्षानळीत एक मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल घेऊन त्यात सुमारे ०.१ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड घालावे, त्यात एक मिलिलिटर ईथर मिसळावे आणि पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावा. फिकट पिवळा रंग पेरॉक्साइड अल्प प्रमाणात असल्याचे दाखवतो. तपकिरी रंग आल्यास ती बाटली धोकादायक समजावी. ईथर न घालता केलेली दुसरी नळी शेजारी असणे आवश्यक आहे, कारण आम्लातील आयोडाइड हवेनेही हळूहळू पिवळे पडते आणि सकाळी बनवून ठेवलेले मिश्रण दुपारी वापरल्यास चांगल्या ईथरवर विनाकारण आळ येतो. पेरॉक्साइड मोजण्याच्या पट्ट्या उपलब्ध असतील तर त्या अधिक सोयीच्या. अनेक प्रयोगशाळांत २५ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत २५ भागांच्या) वर आकडा गेला की ऊर्ध्वपातन करायचे नाही आणि १०० पीपीएमच्या वर गेला की बाटली वापरातून काढायची, असा नियम पाळला जातो, आणि तो पाळण्यासारखा आहे.

डायएथिल ईथरमधील अल्प पेरॉक्साइड फेरस सल्फेटने काढता येते. ११० मिलिलिटर पाण्यात ६ मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल सावकाश मिसळून त्यात ६० ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवावे. या द्रावणाचे १० ते २० मिलिलिटर सुमारे १०० मिलिलिटर पाण्याने विरल करून एक लिटर ईथरबरोबर पृथक्कारी नरसाळ्यात हलवावे. नरसाळ्यातील दाब वारंवार सोडावा, कारण हाताच्या उबेनेही ईथर उकळू पाहते. नंतर पाण्याने धुऊन पुन्हा तपासणी करावी. टीएचएफ पाण्यात मिसळत असल्याने त्याला हा मार्ग बंद आहे. त्यातील अल्प पेरॉक्साइड सक्रिय ॲल्युमिनाच्या स्तंभातून गाळून काढतात. बाटलीच्या बुचाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसत असतील, तर मात्र वरीलपैकी काहीही करू नये. ती बाटली उघडू नये, हलवू नये, आणि सुरक्षा अधिकाऱ्याला कळवावे.

निदान: दोन परीक्षानळ्या

पूर्ण प्रयोग पुन्हा पुन्हा मांडून दोष शोधणे म्हणजे वेळ आणि रसायने दोन्ही वाया घालवणे. त्यापेक्षा ओव्हनमधून नुकत्याच काढून, शोषक असलेल्या पात्रात थंड केलेल्या दोन परीक्षानळ्या घ्याव्यात. दोन्हींत त्याच बाटलीतील मॅग्नेशियमचे दोन-चार तुकडे, तेच ब्रोमोबेन्झीन आणि आयोडीनचा एकेक कण टाकावा. एका नळीत संशयित ईथर घालावे आणि दुसऱ्या नळीत सीलबंद बाटलीतले निर्जल ईथर. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात धरून धातूच्या पृष्ठभागाकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या नळीत आयोडीनचा रंग जाऊन बुडबुडे आणि गढूळपणा आला आणि पहिली तशीच राहिली, तर ईथर दोषी. दोन्ही तशाच राहिल्या, तर मॅग्नेशियम किंवा ब्रोमोबेन्झीन, आणि मग तीच कसोटी त्यांच्यावर लावावी. ब्रोमोबेन्झीनही ओले असू शकते हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दोन्ही नळ्यांत अभिक्रिया सुरू झाली, तर बाटल्या चांगल्या आहेत आणि ओलावा उपकरणातून येत आहे.

मॅग्नेशियम खरोखर दोषी असेल तर त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर मोडणे एवढेच काम असते. कोरड्या चंबूत नायट्रोजनखाली ते नुसते ढवळत ठेवले, तरी तुकडे एकमेकांवर घासून काळपट, ताजा पृष्ठभाग उघडा पडतो. १,२-डायब्रोमोइथेनचे काही थेंब टाकल्यास इथिलीनचे बुडबुडे निघतात, आणि ते दिसले की धातू जागा झाला असे समजावे. आयोडीनच्या तुलनेत मला हा उपाय अधिक भरवशाचा वाटतो.

बाटली कोरडी असूनही अडणारा प्रयोग

एका सत्रात याच कोड्याने आमचे दोन आठवडे खाल्ले. ईथर कॅल्शियम क्लोराइडवर ठेवले, गाळले, ३ अँगस्ट्रॉम छिद्रांच्या आण्विक चाळणीवर (पाणी शोषणाऱ्या सच्छिद्र खड्यांवर) ठेवले, तरी परीक्षानळी थंडच. शेवटी बाटलीवरचे लेबल नीट वाचले. पेरॉक्साइड होऊ नये म्हणून उत्पादक ईथरमध्ये स्थिरक घालतात. काही बाटल्यांत तो बीएचटी (ब्युटिलेटेड हायड्रॉक्सिटोल्युईन) असतो, काही पीपीएमच्या प्रमाणात, आणि त्याचा ग्रिन्यार अभिकारकाला फारसा उपद्रव होत नाही. आमच्या बाटलीत मात्र सुमारे दोन टक्के इथेनॉल होते. ५० मिलिलिटर ईथरमध्ये ते सुमारे एक मिलिलिटर, म्हणजे १७ मिलिमोल भरते, आणि इथेनॉलचा ओएच गट अभिकारकाला पाण्याइतक्याच तत्परतेने मारतो. ३ अँगस्ट्रॉमच्या चाळणीच्या छिद्रांत पाण्याचा रेणू शिरतो, इथेनॉलचा शिरत नाही. म्हणून चाळणीवर कितीही दिवस ठेवले तरी फरक पडला नाही. असे ईथर आधी पाण्याने अनेकदा धुवावे लागते, त्यानंतर कॅल्शियम क्लोराइड आणि सर्वांत शेवटी सोडियमची तार. बाटली मागवतानाच लेबल वाचले असते तर हे सारे टळले असते.

कोरडे करण्याची पद्धत

डायएथिल ईथरसाठी जुनी पद्धत अजूनही समाधानकारक आहे. पेरॉक्साइडमुक्त ईथर ताज्या निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर एक दिवस ठेवून गाळावे आणि मग त्यात प्रेसमधून सोडियमची तार सोडावी. हायड्रोजन बाहेर पडत असल्याने बाटलीला घट्ट बूच न लावता कॅल्शियम क्लोराइडची नळी बसवलेले बूच लावावे. बुडबुडे थांबले आणि नवी तार टाकल्यावरही ती चकचकीत राहिली की ईथर वापरण्याजोगे झाले.

टीएचएफ सोडियम आणि बेन्झोफिनोनवर उकळून, निळा रंग आल्यावर ऊर्ध्वपातन करण्याची पद्धत आपल्या संशोधन प्रयोगशाळांत प्रतिष्ठेची मानली जाते. तो गडद निळा रंग पाहून मनाला समाधान मिळते हे खरे, पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात या पद्धतीने सुकवलेल्या टीएचएफमध्ये ४० पीपीएमच्या आसपास पाणी उरले होते, तर नीट सक्रिय केलेल्या ३ अँगस्ट्रॉमच्या चाळणीवर तीन दिवस ठेवलेल्या टीएचएफमध्ये ते १० पीपीएमच्याही खाली गेले होते. चाळणीचे प्रमाण होते १०० मिलिलिटरला २० ग्रॅम. आगीचा धोका लक्षात घेता, शिकाऊ हातांसाठी मी चाळणीचीच शिफारस करतो. अट एकच, की चाळणी खरोखर सक्रिय केलेली असावी. नव्या डब्यातून काढलेली चाळणी कोरडी असते हा गैरसमज आहे; ती ३०० अंश सेल्सिअसला कित्येक तास तापवून कोरड्या हवेत थंड करावी लागते, आणि भाजी वाळवण्याच्या तापमानाचा साधा ओव्हन त्यासाठी पुरत नाही. चाळणी पेरॉक्साइडवर उपाय नाही, हेही विसरू नये. ऊर्ध्वपातनात तर बीएचटी खालच्या अवशेषात मागे राहतो आणि वर आलेल्या टीएचएफमध्ये स्थिरक उरत नाही, म्हणून ते नायट्रोजनखाली ठेवावे, लवकर संपवावे आणि दर वेळी तपासावे.

पावसाळा आणि उन्हाळा

आता तिसरी शक्यता. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर असते. ईथर उघड्या पात्रात ओतले की ते वेगाने उडते आणि पात्र थंड करते. काचेचे तापमान दवबिंदूखाली गेले की हवेतील बाष्प तिच्यावर जमते. मोजपात्राच्या बाहेर धुके दिसते तेव्हा आतल्या काठावरही तेच घडत असते. वीस विद्यार्थी एकाच बाटलीतून आळीपाळीने ईथर ओतून घेत असतील, तर शेवटच्या पाच जणांचा प्रयोग का अडला याचा शोध घेण्याची गरज उरत नाही. ईथर सुईने, सेप्टममधून (रबरी बुचातून), नायट्रोजनचा फुगा लावून काढावे आणि सुईही ओव्हनमधलीच असावी. काचसामान १२० अंशांवर काही तास तापवून गरम असतानाच जोडावे आणि कोरड्या नायट्रोजनखाली थंड होऊ द्यावे. ज्योतीने काच तापवण्याची सवय ईथर असलेल्या खोलीत निषिद्ध समजावी.

कंडेन्सरवर लावलेली कॅल्शियम क्लोराइडची नळी पावसाळ्यात रोज पाहावी. दमट हवेत त्या खड्यांचे पाणी होते, ते पुन्हा घट्ट होऊन बसते आणि नळी तुंबते. तुंबलेली नळी म्हणजे बंद उपकरण, आणि बंद उपकरणात उकळणारे ईथर म्हणजे काय, हे सांगायला नको.

उन्हाळ्यात वेगळीच अडचण उभी राहते. डायएथिल ईथरचा उत्कलनांक ३४.६ अंश सेल्सिअस आहे. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी याहून अधिक तापलेले असते, आणि असे पाणी कंडेन्सरमधून फिरवणे म्हणजे कंडेन्सर न लावण्यासारखेच. ईथर निघून जाते, चंबूतील मिश्रण संहत होते, बायफिनाइल या नको असलेल्या उपउत्पादनाचे प्रमाण वाढते, आणि ईथरची वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असल्याने टेबलावरून खाली वाहत जाते. ईथरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ देण्याचे किमान तापमान, उणे ४५ अंश आहे, आणि १८० अंशांपर्यंत तापलेला पृष्ठभागही ठिणगीशिवाय ती वाफ पेटवू शकतो; हॉटप्लेट सहज इतकी तापते. बादलीत बर्फाचे पाणी घेऊन कूलरच्या लहान पंपाने ते कंडेन्सरमधून फिरवणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. पंपाचा प्लग आणि स्विच धूम्रकक्षाच्या बाहेर असावेत. शक्य असेल तर उन्हाळ्यात डायएथिल ईथरऐवजी टीएचएफ किंवा २-मिथिलटीएचएफ घ्यावे. त्यांचे उत्कलनांक अनुक्रमे ६६ आणि ८० अंशांच्या आसपास आहेत. क्लोरोबेन्झीनसारखे आळशी हॅलाइड डायएथिल ईथरमध्ये दाद देत नाही, पण अधिक बळकट दाता असलेल्या टीएचएफमध्ये, उच्च तापमानाला, अभिकारक देते. तेव्हा क्लोराइड वापरूनही प्रयोग अडत असेल तर मॅग्नेशियमला दोष देण्याआधी द्रावक बदलून पाहावा.

अडलेली अभिक्रिया ढकलू नये

अभिक्रिया सुरू होत नाही म्हणून अधीर होऊन उरलेले सारे ब्रोमोबेन्झीन चंबूत सोडणे ही या प्रयोगातील सर्वांत धोकादायक चूक आहे. सुरुवात होण्यापूर्वी एकूण हॅलाइडच्या दहा टक्क्यांहून अधिक भाग घालू नये. वीस मिनिटांनी अभिक्रिया स्वतःहून जागी झाली, तर साचलेले सारे हॅलाइड एकदम पेट घेतल्यासारखे वागते, आणि ईथर कंडेन्सरच्या तोंडातून बाहेर पडते. बर्फाची परात चंबूच्या शेजारी आधीपासूनच तयार असावी, नंतर शोधायला लागू नये.

अभिकारक तयार झाल्यासारखा वाटतो आणि तरीही पुढच्या पायरीत त्यात बेन्झोफिनोन घातल्यावर ट्रायफिनाइलमेथेनॉल कमी मिळते, अशी तक्रार असेल तर द्रावणाचे टायट्रेशन करून त्यात अभिकारक नेमका किती आहे ते मोजावे. मेन्थॉलचा वजन केलेला भाग टीएचएफमध्ये घेऊन, १,१०-फिनॅन्थ्रोलीन दर्शक म्हणून वापरून, रंग टिकेपर्यंत अभिकारक थेंबाथेंबाने घालावा. मॅग्नेशियम संपलेले दिसले म्हणून अभिकारक तेवढाच तयार झाला असे धरू नये. त्यातला काही भाग बेन्झीन होऊन ईथरबरोबर उडून गेलेला असतो आणि तराजूवर त्याचा मागमूस राहत नाही. टायट्रेशनमध्ये आकडा अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली आला, तर बेन्झोफिनोन त्यात न घालता पुन्हा दोन परीक्षानळ्यांपाशी जावे, आणि या वेळी प्रत्येक बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली आहे का, तेही पाहावे.